बुडायला बनवलेली पिशवी

मी एक जुनी कातडी पिशवी आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या पिशव्या काहीतरी आणायला बनवलेल्या असतात. मला बुडायला बनवलं होतं.

माझ्या तळाशी दोन कातड्यांच्या मध्ये शिशाचा जाड पत्रा शिवलेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विल्मिंग्टन गावातल्या चर्चच्या छपराची पन्हळ उखडून ते शिसं काढलं होतं, कारण लढाईत शिसं गोळ्यांनासुद्धा पुरत नव्हतं. माझ्या दोन्ही कुशींना पितळी कड्यांची भोकं आहेत. शत्रूने गाठलं की मला समुद्रात फेकायचं, भोकांतून पाणी आत शिरायचं, शिशाने मला खाली ओढायचं आणि माझ्या पोटातले खलिते कायमचे तळाला जायचे. एवढ्यासाठी माझा जन्म. मला शिवणाऱ्याचं नाव सिपिओ. खोगिरं शिवणारा कारागीर. त्याची दाभणं मालकाची होती, दोरा मालकाचा होता आणि ती दाभणं धरणारी बोटंही मालकाचीच होती.

तेव्हा अमेरिकेत भाऊबंदकीची मोठी लढाई पेटली होती. दक्षिणेच्या राज्यांनी वेगळी चूल मांडली होती. का मांडली? आजही बरेच लोक सांगतात, मानासाठी, मातीसाठी, बापजाद्यांच्या रिवाजासाठी. मी ते खलिते पोटात वागवले आहेत, मला विचारा. माणसं विकत घ्यायचा आणि विकायचा हक्क हातचा जाऊ नये म्हणून मांडली. बाकी सगळी वरची झालर.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली होती. मग दक्षिणेचे नौदल अधिकारी साधे कपडे घालून, खोटी नावं घेऊन, वेगवान आगबोटींतून त्या कोंडीतून निसटायचे. आधी बर्म्युडा हे इंग्रजांचं बेट, तिथून इंग्लंड, तिथून फ्रान्स. लढाऊ जहाजं कुठे बांधून घ्यायची, कुणाच्या नावाने घ्यायची, कोणाचा हात ओला करायचा, हे सगळं त्यांच्या पिशवीत असायचं.

माझ्या झाकणावर एल. जी. ही अक्षरं ठोकलेली आहेत. म्हणजे लेफ्टनंट ल्युशियस गॅरो. उंच, देखणा, बोलायला गोड. सगळं आयुष्य आरमारात गेलं, पण त्याला पोहता येत नव्हतं. हसू नका. त्या काळी पुष्कळ दर्यावर्दी पोहायला शिकतच नसत. पोहायला शिकायचं म्हणजे आपलं जहाज बुडणार असं कबूल करायचं, असं त्यांना वाटायचं.

माझ्या पहिल्याच फेरीत वादळ झालं. एक लाट थेट गॅरोच्या खोलीत आली आणि माझ्या भोकांतून आत शिरली. पॅरिसमध्ये दक्षिणेचा जो वकील बसला होता, त्याने एकेक कागद शेगडीवर वाळवला आणि भरल्या खोलीत विचारलं, “लेफ्टनंट, खलिते आणलेत की सूप?”

सगळे हसले. गॅरोचे कान लाल झाले. समुद्र ओलांडून घरी येईपर्यंत ते लालच होते.

घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावरूनच मला आपल्या नोकराकडे फेकलं. नोकर कसला, गुलाम. त्याचं नाव मिंगो. “ही भोकं बुजवून टाक. एक थेंब आत जाता कामा नये.”

मिसेस गॅरो म्हणाली, “पण अहो, ती भोकं बुडण्यासाठीच ठेवलीत ना?”

“तळाला शिसं आहे. शिसं कधी तरंगलेलं पाहिलंयस?”

तिने आपलं ताट पुढे ओढलं. ज्याचा मान एकदा सूप होऊन वाहून गेलाय, त्याच्याशी वाद कोण घालणार?

पुढच्या फेरीला तो मिंगोला सोबत नेणार होता. टेबलाशी बसलेला एक पाहुणा म्हणाला, “सांभाळा हं. इंग्रजांच्या बेटावर गुलामगिरी नाही. तिथे पाय ठेवला की हा मोकळा. पळेल तुमचा माणूस.”

“पळू दे की,” गॅरो हसत म्हणाला. “त्याची डॉर्कस कुठे पळतेय? हा परत आला नाही, तर त्याच दिवशी तिला जॉर्जियाच्या व्यापाऱ्याला देईन. वर गाडीभाडं माझ्याकडून!”

तो हे बोलत होता, तेव्हा मिंगो त्याच्याच ताटात भात वाढत होता. भात सांडला नाही. डॉर्कस, त्याची बायको, त्या घरची स्वयंपाकीण, कोळंबीचं भांडं घेऊन दारातच उभी होती. तिच्याही हातून काही सांडलं नाही. मित्रांनो, असं न सांडणं शिकायला किती मार खावा लागतो, हे तुम्हाला कधी कळू नये.

भोकं डॉर्कसनेच बुजवली. तिने चुलीवर डांबर आणि मेण एकत्र वितळवलं, भोकांत कातड्याची बुचं ठोकली आणि वरून तो काळा लेप चढवला. एक थर वाळला की दुसरा. मिंगो जवळ बसून मला धरून होता.

“तिथे उतरलास की तू कुणाचा नाहीस,” ती हळूच म्हणाली.

“आणि तू?”

“माझं काय? भात करायचा. इथे काय नि जॉर्जियात काय.”

“असं बोलू नकोस.”

“मग ये परत. पण रिकाम्या हाताने येऊ नकोस. तिकडचे कांदे म्हणे साखरेसारखे गोड असतात.”

“धनी खलिते पोचवायला चाललाय आणि हिला कांदे हवेत!”

“त्याच्या खलित्यांनी माझी भाजी होणार आहे का?”

दोघं आवाज न करता हसली. मग तिने झाकण शिवणीपाशी दाबून पाहिलं. “हे बुजवू?”

“झाकणाचं काही बोलला नाही तो.”

“मग राहू दे,” डॉर्कस म्हणाली.

‘हेरन’ नावाची, दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी लोटत चालणारी आगबोट आम्हाला घेऊन निघाली. डेकवर कापसाच्या गाठी रचल्या होत्या. कप्तान ऑलिफंट स्कॉटलंडचा, पैशासाठी आलेला, लढाईशी देणंघेणं नसलेला माणूस. नदीच्या मुखातून आम्ही अंधारात निसटलो. उजाडलं, धुकं फाटलं आणि उत्तरेची एक युद्धनौका समोर, इतकी जवळ की तिच्या डेकवरची माणसं दिसत होती.

ऑलिफंटने टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस भट्टीत टाकायला सांगितला. बोट थरथरली, काळा धूर पाण्यावर लोळायला लागला. तेवढ्यात एक तोफगोळा चाकाच्या पेटीवर बसला. फळ्या उडाल्या आणि मोडक्या लाकडात चाक अडकलं. सुतार कुऱ्हाडी घेऊन धावले.

गॅरो मला घेऊन कठड्यापाशी आला.

“दमाने घ्या, लेफ्टनंट साहेब!” ऑलिफंट ओरडला. “चाक सुटतंय. अजून वेळ आहे.”

पण गॅरोला माणसाचा शब्द ऐकायची सवय नव्हती, हुकूम द्यायची होती. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि समुद्रात फेकलं.

मी आपटले. खाली गेले. वाटलं, झालं, हेच आपलं काम होतं. आणि मग मी वर आले.

बूड खाली, झाकण वर, मी बदकासारखी तरंगत राहिले. डॉर्कसने काम चोख केलं होतं. पोटात हवा कोंडली होती आणि एवढं शिसं तिच्यापुढे हरलं होतं. डेकवरचे सगळे कठड्याशी जमले.

ऑलिफंट म्हणाला, “साहेब, तुमचं टपाल पोहतंय!”

गॅरोने पिस्तूल काढून माझ्यावर गोळ्या झाडल्या. एकही लागली नाही. “होडी सोडा! मागे वळवा!”

“वळवतो की. मग त्यांच्या कप्तानाला चहालाही बोलवू. माझे लोक बोट चालवायला आलेत, तुमची पिशवी धुवायला नाही.”

तेव्हा गॅरो मिंगोकडे वळला. मिंगो नदीकाठी वाढलेला, माशासारखा पोहायचा. गॅरोने कमरेचा चाकू काढून त्याच्या हातात दिला. धन्याने गुलामाच्या हातात, चारचौघांसमोर, चाकू दिला! केवढी घाबरगुंडी उडाली असेल, तुम्हीच बघा.

“उडी मार. फाड तिला. बुडव.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “ती त्यांच्या हाती लागली, तर डॉर्कस आठव.”

“जी धनी.”

मिंगोने उडी मारली. तो माझ्यापर्यंत आला, एका हाताने त्याने मला कवटाळलं आणि चाकूचं टोक डॉर्कसच्या लेपावर टेकवलं. एक घाव पुरला असता. बूच निघालं असतं आणि मी गेले असते. मला भीती वाटली. बुडायला जन्मलेल्या वस्तूला भीती का वाटावी? पण वाटली.

तेवढ्यात मागे कुऱ्हाडींचा आवाज थांबला. कुणीतरी ओरडलं, “चाक सुटलं!” आणि ‘हेरन’ची दोन्ही चाकं फिरू लागली.

मिंगोने मान वळवली. बोट चालली होती. त्याला न घेता चालली होती.

“फाड! आधी फाड!” गॅरो कठड्यावरून ओरडत होता. थांबवा असं तो म्हणाला नाही. त्याने दोरी टाकली नाही. मागाहून त्याने घरी पत्र लिहिलं, त्यात स्वतःच लिहिलं की मी टोपी काढून छातीशी धरली. दोरीबद्दल त्या पत्रात काही नव्हतं.

मिंगोने चाकू उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा. लोळत येणारा काळा धूर आमच्यापर्यंत पोचतच होता. तो अंगावर येण्याआधीच त्याने श्वास भरला, मला पोटाशी आवळलं आणि पाण्याखाली गेला. मी वर यायला धडपडत होते, तो मला खाली दाबत होता. फुटली नाही त्याची छाती, एवढंच. आम्ही वर आलो तेव्हा ‘हेरन’ धुरापलीकडे होती. तिच्यावरच्या सगळ्यांना आम्ही बुडताना दिसलो होतो.

आता तो मेलेला होता आणि डॉर्कस वाचली होती. पण हे तेवढ्यापुरतंच. मी उत्तरेच्या हाती लागले आणि त्याचा बोभाटा झाला, तर गॅरोला कळणारच होतं. मिंगो मला सोडून देऊ शकत होता. फाडून बुडवू शकत होता. हलका होऊन पोहू शकत होता. तो मला धरून का राहिला, हे तो स्वतःशीच बोलला, म्हणून मला कळलं.

“रिकाम्या हाताने गेलो, तर माझं कोण ऐकेल?”

बोट हलकी करायला ऑलिफंटने डेकवरच्या गाठी समुद्रात लोटल्या होत्या. त्या पाण्यावर विखुरल्या होत्या. पाठलाग करणारी युद्धनौका त्यांच्यापाशी आली आणि मंदावली. पकडलेल्या मालात खलाशांचा वाटा असायचा. मित्रांनो, ती लढाई गुलामांच्या मुक्तीची होती, असं उत्तरेकडच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. असेल. पण त्या सकाळी ती नौका थांबली ती कापसासाठी.

होडी खाली आली. मिंगो मला धरून पाय मारत तिकडे निघाला. आता झाकणाच्या शिवणीतून पाणी आत यायला लागलं होतं. लाट आली की थोडं, लाट आली की थोडं. मी जड होत चालले होते. आधी मी त्याला तरंगवत होते, मग आम्ही दोघं सारखे झालो, मग तो मला ओढायला लागला. शिसं जागं झालं होतं.

“होडीवाले! इकडे!” त्याने हाक मारली.

होडीवरचा मुकादम हॅनिगन नावाचा आयरिश होता. त्याने एकदा पाहिलं आणि आपल्या लोकांना म्हणाला, “आधी गाठी! कापूस पाणी पितो. तो ओरडतोय, म्हणजे जिवंत आहे.”

एक गाठ चढवली. दुसरी चढवली. मिंगोची हनुवटी पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. मला धरलेला हात मात्र सुटला नाही. तिसऱ्या गाठीनंतर हॅनिगनने वल्हं पुढे केलं.

“पिशवी दे इकडे, बाबा. जड दिसते.”

“पिशवी माझ्याजवळच राहील.”

नौकेवर अधिकारी होता लेफ्टनंट थॉर्नडाइक. झाकणावरची अक्षरं आणि तळाचं वजन पाहिलं आणि त्याला कळलं. त्याचे डोळे चमकले. “खलित्यांची पिशवी! शाब्बास रे! नाव काय तुझं? सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आणतो. आपल्या दोघांचं!”

मिंगो कठड्याकडे मागे सरकला. त्याने मला कठड्याबाहेर धरलं आणि चाकूचं टोक बुचावर ठेवलं. मी अर्धी भरले होते. या वेळी मी बदक झाले नसते. दगड झाले असते.

“छापणार असाल तर टाकतो.”

बंदुका उठल्या. “गोळी घालीन,” थॉर्नडाइक म्हणाला.

“घाला, साहेब. मी पडलो की हीही पडेल.”

“अरे वेड्या, शूर माणूस आहेस तू! जगाला कळायला नको?”

“शूर माणसाची बायको तिकडे गॅरोच्या घरी स्वयंपाक करतेय. तुमची वर्तमानपत्रं तिकडेही वाचतात. तुम्ही छापलंत की तिला विकतील. मी बुडालो, ही बुडाली, एवढंच जगाला कळू दे. नाव लिहू नका.”

थॉर्नडाइकचा चेहरा पडला. त्याची बढती त्या कठड्याबाहेर लोंबकळत होती. मिंगोची बोटं थकव्याने आणि थंडीने बधिर झाली होती. मी घसरत होते. बोटाबोटाने घसरत होते.

हॅनिगन मागून म्हणाला, “साहेब, लहान तोंडी मोठा घास. आपल्या हाती लागलं असं तिकडे कळलं, तर ते सगळे बेत बदलतील. बुडालं समजून निवांत राहिले, तर आपल्याला हे वर्षभर पुरेल. आणि याला लवकर काय ते सांगा. त्याची बोटं सुटतायत.”

थॉर्नडाइकने बंदुका खाली करायला लावल्या. “शब्द दिला.”

“देवाची शपथ घ्या.”

“देवाची शपथ! आण ती आत!”

शब्द त्याने पाळला. खलित्यांतलं काय उपयोगी पडलं, मला कुणी सांगितलं नाही. मला रिकामी करून त्याने मिंगोकडे टाकलं. “मला कागद हवे होते. कातडं तू ने.” मिंगोने आरमाराच्या पटावर कुठलंसं दुसरंच नाव दिलं आणि लढाई संपत येईपर्यंत भट्टीत कोळसा लोटला. मी त्याच्या उशाशी असायचे. झोपेत तो मला घट्ट धरायचा.

तिकडे विल्मिंग्टनला गॅरोचं पत्र पोचलं. हे मला डॉर्कसने सांगितलं. मिसेस गॅरोने तिला दिवाणखान्यात बोलावून ते वाचून दाखवलं. मिंगोने धन्यासाठी प्राण दिले. केवढी स्वामिनिष्ठा! “अभिमान वाटायला हवा तुला,” ती म्हणाली. डॉर्कस जमिनीवर बसली आणि रडली. मग तिने विचारलं, “आणि पिशवी, बाईसाहेब?”

“पिशवी तरंगायला लागली म्हणे. त्याने ती फाडून बुडवली.”

तरंगायला लागली! मग तिला धरून तोही तरंगला असेल. डॉर्कसने आपले हात पाहिले, नखांत अजून डांबर असल्यासारखे. आणि ती आणखी मोठ्याने रडली. मिसेस गॅरोला वाटलं, दुःख.

हिवाळा सरताना विल्मिंग्टन उत्तरेच्या हाती पडलं. उत्तरेच्या आरमाराचं निळं जाकीट घातलेला मिंगो मला खांद्यावर टाकून गॅरोच्या घरामागच्या दाराने आत गेला. डॉर्कस चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं. तिच्या हातातला डाव खाली पडला. त्या घरात तिच्या हातून पहिल्यांदा काही पडलं.

“भोकं गळली का?” तिने विचारलं.

“नाही. झाकण गळलं.”

“झाकण मी बुजवलं नव्हतं.”

“माहितेय.”

“कांदे कुठायत?”

मिंगोने माझ्यात हात घातला आणि एक कांदा काढला. आरमाराच्या कोठीतला, कोंब फुटलेला. साखरेसारखा बिलकुल नव्हता. ती तो हातात घेऊन उभी राहिली आणि मग दोघंही, आवाज करून, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, रडली.

पुढची वर्षं माझी सुखाची. दोघांनी नदीकाठी घर बांधलं. मिंगो कालवं काढायचा. ती न्यायला त्याने माझी भोकं पुन्हा उघडली, पाणी निथळावं म्हणून. त्यांच्या नातीने मला शाळेत नेलं, पाटी-पुस्तकं भरून. मग ती म्हातारी माणसं गेली. मी एका खोपटात पडून राहिले. उंदरांनी माझा पट्टा खाल्ला. घर विकलं गेलं, भंगारात मी विकले गेले, आणि कुणीतरी झाकणावरची अक्षरं ओळखली.

आता मी संग्रहालयात आहे. काचेच्या पेटीत. मला तेल लावतात, माझ्यावर दिवा सोडतात. माझ्याखाली पाटी आहे: ‘लेफ्टनंट ल्युशियस गॅरो यांची खलित्यांची पिशवी. ही शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यांच्या एका निष्ठावान नोकराने तिच्यासह जलसमाधी घेतली.’ म्हाताऱ्या गॅरोने आपल्या आठवणी लिहिल्या होत्या, त्यातून हे उचललं. शाळेची मुलं रांगेने येतात, वाचतात, पुढे जातात. तळाला गेलेली पिशवी काचेत कशी आली, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. शिक्षकांनीही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात. मी तसं सांगणार नाही. माझं कातडं फाटलं तर फाटू द्या. तुमच्याकडेही अशा पेट्या असतील, अशा पाट्या असतील. त्या वाचून पुढे जाऊ नका. वस्तू शिवली कुणी, बुजवली कुणी, धरून पाण्यात कोण राहिलं, ते विचारा. मोठ्याने विचारा.

नाव लिहू नका, असं मिंगो म्हणाला होता. बायको विकली जाऊ नये म्हणून म्हणाला होता. डॉर्कसला आता कुणी विकू शकत नाही.

आता लिहा.